नागपूरची गोगलगाय, राजमहेंद्रीचा समुद्र

नगर जिल्ह्यात विहीर खणणाऱ्या माणसाला जमिनीच्या पोटात काय आहे हे पुस्तकातून शिकावे लागत नाही. वरची माती संपली की मुरूम लागतो, मुरमाखाली मांजऱ्या, आणि त्याखाली पहारीला दाद न देणारा काळा पाषाण. मध्येच एखाद्या विहिरीत विटेच्या रंगाचा तांबडा पट्टा आडवा गेलेला दिसतो. त्याच्या खाली पुन्हा काळा पाषाणच. हा तांबडा पट्टा म्हणजे दोन लाव्हांच्या मधला विसावा होय. एक लाव्हा पसरला, निवाला, ऊनपावसाने झिजून त्याची माती झाली, आणि त्या मातीवर कालांतराने दुसरा लाव्हा येऊन बसला. अकोले तालुक्यातील कळसुबाई हे महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर अशा एकावर एक रचलेल्या लाव्हांचेच बनलेले आहे. या प्रचंड रचनेतील खालच्या थरांच्या एका मोठ्या समूहाला भूशास्त्रज्ञांनी ‘कळसुबाई उपगट’ हेच नाव दिले आहे. या खडकाला इंग्रज ‘ट्रॅप’ म्हणत. तो शब्द पायरी या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून आलेला आहे. आपले डोंगर पायऱ्यापायऱ्यांचे दिसतात, ते या थरांमुळे.

आमच्या भागातील या तांबड्या पट्ट्यात शंख-शिंपल्यांचा शोध घेणे म्हणजे वाळूत तेल शोधण्यासारखे आहे. मात्र हीच लाव्हांची शय्या पूर्वेकडे वऱ्हाड-नागपूरपर्यंत गेली, तेथे दोन लाव्हांच्या मधल्या विसाव्यात नुसती माती साचली नाही. तेथे तळी होती, तळ्यांत पाणवनस्पती होत्या आणि गोगलगायी होत्या. पुढचा लाव्हा आला आणि सारे झाकून गेला. त्या गोगलगायींना नाव कोणी दिले, कसे दिले आणि ते नाव आजवर कसे टिकले, हा या लेखाचा विषय आहे. त्यात नागपुरात बसून समुद्रातील गोगलगायींचे वर्णन करणाऱ्या एका मिशनऱ्याची गोष्टही येते. तो कॅथलिक नव्हता. त्याने माझ्या वाचनाचा पुष्कळ वेळ घेतला आहे आणि तो वेळ वाया गेला असे मला वाटत नाही.

दगडाच्या पोटात शंख येतो कसा, हा प्रश्न जुना आहे. माल्टा बेटावर संत पौलाच्या हाताला सर्प डसल्याची कथा ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात आपण वाचतो. त्या बेटाच्या खडकांत त्रिकोणी, टोकदार दगड सापडत. संताने शाप देऊन दगड केलेल्या सर्पांच्या त्या जिभा, अशी युरोपात समजूत होती. इ. स. १६६६ मध्ये इटलीच्या लिव्होर्नो बंदराजवळ एक प्रचंड शार्क मासा पकडला गेला. त्याचे डोके निल्स स्टेन्सन ऊर्फ स्टेनो या डॅनिश शरीरशास्त्रज्ञाकडे विच्छेदनासाठी आले. माशाच्या जबड्यातील दात आणि त्या दगडी जिभा एकच, हे त्याने ताडले आणि १६६७ साली छापून सांगितले. त्यावरून त्याने पुढचा विचार केला. ज्या थरात असा दात किंवा शंख सापडतो तो थर कधीतरी मऊ गाळ असला पाहिजे, आणि खालचा थर वरच्या थराच्या आधीचा असला पाहिजे. १६६९ साली त्याने हे छोट्याशा ग्रंथात मांडले. हा लुथरन घरातील विद्वान १६६७ साली कॅथलिक झाला, पुढे धर्मगुरू आणि बिशप झाला. २३ ऑक्टोबर १९८८ रोजी पोप दुसरे जॉन पॉल यांनी त्याला ‘धन्य’ घोषित केले. त्याच्या धन्यतेचे कारण त्याचे दारिद्र्यव्रत आणि सेवा हे होते, शार्कचा दात नव्हे. तरी ज्याने ‘वरचा थर नंतरचा’ हा साधा नियम जगाला दिला, तो आपल्या वेदीवरच्या नामावळीत आहे हे आपल्याकडे फारसे कोणी सांगत नाही.

आता दख्खनकडे वळू. १८२३ च्या एप्रिल महिन्यात हेन्री व्हॉयसी या सर्जनला वऱ्हाडातील गाविलगडच्या डोंगररांगेत दगड झालेले शंख आढळले. हिंदुस्थानच्या महान त्रिकोणमितीय सर्वेक्षणाबरोबर तो भूगर्भाची पाहणी करीत फिरत होता. पुढच्याच वर्षी तो वारला आणि त्याचे टिपण मागाहून छापले गेले. त्यानंतर जॉन ग्रँट माल्कमसन या मद्रास इलाख्यातील डॉक्टराने निर्मळच्या डोंगरांत आणि त्याच्या उत्तरेकडे असेच शंख गोळा केले. त्याच्या नमुन्यांची शास्त्रशुद्ध वर्णने लंडनमध्ये जेम्स द कार्ल सॉवर्बी याने लिहिली. ती १८४० साली तेथील जिऑलॉजिकल सोसायटीच्या ग्रंथमालेत प्रसिद्ध झाली. सॉवर्बीचे घराणेच शंखांची चित्रे काढणारे आणि त्यांना नावे देणारे. तो स्वतः दख्खनला कधी आला नाही. पेटीतून आलेले दगड पुढे ठेवून त्याने आपल्या डोंगरांतील एका गोगलगायीला नाव दिले ‘फायसा प्रिन्सेपी’.

या दोन शब्दांच्या नावाकडे थोडे थांबून पाहिले पाहिजे. प्राण्यांना दोन शब्दांत नाव देण्याची रीत लिनीयस या स्वीडिश पंडिताने घालून दिली आणि प्राणिशास्त्र त्याच्या ग्रंथाची १७५८ सालची आवृत्ती हा आपला आरंभबिंदू मानते. पहिला शब्द प्रजातीचा आणि दुसरा जातीचा. म्हणजे एक आडनाव व एक स्वतःचे नाव, फक्त क्रम गुजराथेतल्यासारखा, आडनाव आधी. ‘फायसा’ हा मूळ ग्रीक शब्द असून त्याचा अर्थ भाता किंवा फुगा असा होतो. गोगलगायीचे शेवटचे वेटोळे फुगीर असते, म्हणून हे नाव. ‘प्रिन्सेपी’ ही लॅटिन षष्ठी आहे, ‘प्रिन्सेपची’. सेमिनरीत आमच्या वाट्याला आलेल्या थोड्याशा लॅटिनचा असा उपयोग होईल असे तेव्हा वाटले नव्हते. जेम्स प्रिन्सेप म्हणजे कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीचा चिटणीस. अशोकाच्या शिलालेखांची ब्राह्मी लिपी १८३७ साली त्यानेच उलगडली. आपल्या नियतकालिकात या डोंगरी शंखांची दखलही त्याने घेतली होती. ज्या १८४० साली हे नाव छापले गेले त्याच साली, अवघ्या चाळिसाव्या वर्षी, तो लंडनमध्ये मरण पावला.

नाव देणे म्हणजे केवळ बारसे करणे नव्हे. नव्या जातीचे नाव मान्य होण्यासाठी तिचे वर्णन छापले जावे लागते. ते वर्णन ज्या प्रत्यक्ष नमुन्यावर आधारले असेल तो नमुना जपून ठेवावा लागतो, म्हणजे पुढे शंका आली तर कोणालाही जाऊन पाहता येतो. शंखाला वेटोळी किती, शेंडा टोकदार की बोथट, शेवटचे वेटोळे एकूण उंचीच्या मानाने केवढे, मुखाचा आकार कसा, मधल्या कण्याला पीळ आहे काय, पृष्ठभाग गुळगुळीत की रेघांचा, हे सारे लिहावे लागते. एकाच प्राण्याला दोघांनी वेगवेगळी नावे दिली, तर आधीचे नाव राहते. जातीची प्रजाती पुढे बदलली तरी जातीचे नाव बदलत नाही. मुलगी सासरी गेली, आडनाव बदलले, नाव तेच राहिले, असा काहीसा हा प्रकार आहे. या नियमात मोठे शहाणपण आहे. वर्णन करणाऱ्याचे मत चुकले तरी त्याचे वर्णन व्यर्थ जाऊ नये, अशी सोय त्यात केलेली आहे.

फायसाचे एक वैशिष्ट्य सामान्य माणसालाही ओळखता येते. शंखाचे टोक वर आणि मुख आपल्याकडे करून धरले, तर बहुतेक शंखांचे मुख उजव्या बाजूस येते. फायसाचे डाव्या बाजूस येते. शास्त्राच्या भाषेत ती डावखुरी, वामावर्त गोगलगाय. येथे एक गंमत आहे. आपल्याकडे पूजेत अतिशय मौल्यवान मानला जाणारा ‘दक्षिणावर्ती’ शंख हाही शास्त्रज्ञांच्या हिशेबाने वामावर्तच आहे, कारण आपली परंपरा शंख उलटा, टोक खाली करून धरते. ज्या वळणाचा शंख लाखांत एखादा मिळतो म्हणून लोक त्यासाठी वाटेल ती किंमत मोजतात, त्या वळणाच्या गोगलगायींचे दगड गाविलगडापासून निर्मळपर्यंतच्या डोंगरांत पडून होते आणि त्यांवरून गुरे चरत होती.

आता मुख्य पुरुषाकडे येऊ. स्टीफन हिस्लॉप यांचा जन्म १८१७ साली स्कॉटलंडमधील डन्स या गावी झाला. त्याच वर्षी नोव्हेंबरात नागपूरच्या सीताबर्डीच्या टेकडीवर भोसले आणि इंग्रज यांची लढाई झाली. फ्री चर्च ऑफ स्कॉटलंडचे मिशनरी म्हणून हिस्लॉप १८४४ साली हिंदुस्थानात आले, १८४५ पासून नागपूर हे त्यांचे कार्यक्षेत्र झाले, आणि पुढच्या वर्षी त्यांनी तेथे शाळा काढली. त्यांच्या नावाचे हिस्लॉप कॉलेज त्यांच्या मृत्यूनंतर, १८८३ साली निघाले. १८४७ साली रॉबर्ट हंटर हे दुसरे मिशनरी त्यांना येऊन मिळाले. हेच हंटर पुढे इंग्लंडमध्ये एका विशाल ज्ञानकोशात्मक शब्दकोशाचे संपादक झाले. त्या वेळी नागपूर भोसल्यांचे संस्थान होते. १८५३ च्या अखेरीस तिसरे रघूजी वारले आणि ते खालसा झाले. मिशनचे काम कठीण होते, माणसे थोडी होती आणि पैसा तुटपुंजा होता. तरीही या दोघांनी फिरताना दगड उचलण्याची सवय सोडली नाही.

१८५१ च्या सुमारास नागपूरच्या पश्चिमेस टाकळीजवळ फिरत असताना त्यांना एका दगडात फायसा दिसली. टाकळी आता शहरात मिसळून गेली आहे. आपल्या सेंट चार्ल्स सेमिनरीमुळे जिला सेमिनरी हिल्स म्हणतात ती टेकडी त्याच बाजूस आहे. त्यांनी मग पद्धतशीर शोध सुरू केला. ज्या टेकडीवर लढाई झाली होती त्या सीताबर्डीलाच त्यांनी पुस्तकासारखे वाचले. वर गाठीगाठींचा काळा खडक, त्याखाली गोड्या पाण्यातील गाळाचा पातळ थर, त्याच्याखाली पुन्हा पोकळ्यांत खनिजे भरलेला काळा खडक. मधला पातळ थर हाच खजिना. त्यातून शंख, शिंपले, कीटकांचे अवशेष, माशांचे खवले, फळे, बिया आणि लाकडे निघाली. दोघांचा संयुक्त निबंध १८५४-५५ साली लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीच्या त्रैमासिकात आला. चंद्रपूरकडच्या मांगली गावाजवळच्या, याहून कितीतरी जुन्या, खडकांतून त्यांना एका उभयचर प्राण्याची कवटी मिळाली होती. तिचे वर्णन १८५५ साली रिचर्ड ओवेन या विख्यात शरीरशास्त्रज्ञाने ‘ब्रॅकिऑप्स लॅटिसेप्स’ या नावाने केले.

शंखांची वर्णने मात्र हिस्लॉप यांनी स्वतः केली. १८६० सालच्या त्यांच्या निबंधात नागपूरच्या गोगलगायी-शिंपल्यांच्या अनेक नव्या जाती आहेत. एका शिंपल्याला त्यांनी आपल्या सहकाऱ्याचे नाव दिले, ‘युनिओ हंटरी’. दुसऱ्याला आपल्या आधी या वाटेने गेलेल्या डॉक्टरचे, ‘युनिओ माल्कमसनी’. तिसऱ्याला मुंबईच्या डॉ. कार्टर यांचे. एक गोगलगाय ‘पॅलुडिना टाकळिएन्सिस’ झाली, दुसरी ‘सक्सिनिया नागपुरेन्सिस’. लॅटिनमध्ये ‘एन्सिस’ म्हणजे ‘त्या गावची’. टाकळीकर, नागपूरकर म्हणावे तसेच हे आहे. रोममध्ये हे शब्द वाचणारा कोणी टाकळी कोठे आहे म्हणून नकाशा शोधत असेल, या कल्पनेने मला बरे वाटते.

फायसाच्या बाबतीत त्यांनी जो संयम दाखवला त्याचे मला विशेष कौतुक वाटते. टाकळीच्या परिसरात लहान-मोठ्या, बारीक-फुगीर अशा अनेक आकारांच्या फायसा निघत. काही दोन इंचांहून लांब. आजच्या फायसा मात्र बहुतेक बोटाच्या पेराएवढ्याच असतात. एखाद्या उतावळ्या माणसाने त्यांच्या आठ-दहा जाती करून आपले नाव प्रत्येकीला चिकटवले असते. गोड्या पाण्यातील गोगलगाय तळ्यागणिक आकार बदलते, हे हिस्लॉप यांना ठाऊक असावे. त्यांनी लांबट, फुगीर आणि सामान्य असे प्रकार नोंदवले, पण सर्वांना सॉवर्बीच्या ‘प्रिन्सेपी’ या एकाच जातीत ठेवले. वर्गीकरणात जोडणे हे तोडण्याहून अवघड असते, कारण जोडणाऱ्याच्या नावे काही जमा होत नाही.

याच निबंधात राजमहेंद्रीचे शंख आहेत, आणि येथे आपली गोष्ट समुद्राला मिळते. आमच्या जिल्ह्याच्या उत्तर कडेने कोपरगाव, पुणतांबे करीत गोदावरी जाते. प्रवरासंगमला तिला प्रवरा मिळते, आणि पैठण, नांदेड मागे टाकून ती आंध्रातील राजमहेंद्रीला समुद्राजवळ पोहोचते. तेथे नदीच्या काठी कातेरू आणि पंगिडी या गावांजवळ काळ्या ट्रॅपच्या खडकाचे छोटेसे बेट आहे. दख्खनच्या मुख्य पठारापासून ते शेकडो मैल तुटलेले आहे. तेथेही दोन लाव्हांच्या मध्ये एक गाळाचा थर आहे आणि त्यातही शंख आहेत. ते हिस्लॉप यांच्या हाती आले.

दगड तेच, थराची जागा तीच, दोन लाव्हांच्या मध्ये. पण शंख वेगळे. येथे डावखुरी फायसा विपुल नव्हती. गिरमिटासारख्या लांब, अणकुचीदार शंखांच्या ‘टरिटेला’ होत्या. गोल गुळगुळीत ‘नॅटिका’ होत्या. नॅटिका ही वाळूत राहणारी शिकारी गोगलगाय आहे. ती दुसऱ्या शंखा-शिंपल्याच्या कवचाला वाटोळे छिद्र पाडून आतला जीव खाते. समुद्रकिनारी सापडणाऱ्या शिंपल्यांवर सुईने पाडल्यासारखे नेटके भोक दिसते, ते बहुधा तिच्या भाऊबंदांचे काम. ‘फ्यूसस’ प्रजातीचा एक शंख होता, त्याच्या मुखाला पुढे नळी होती. सागरातील अनेक मांसाहारी गोगलगायी अशा नळीतून श्वासनलिका बाहेर काढून पाण्याचा वास घेत भक्ष्य शोधतात. तळ्यातील गोगलगायींच्या मुखाची कड बहुधा अखंड असते, तिला अशी नळी नसते. म्हणजे केवळ मुखाची कड पाहून पाणी गोड होते की खारट, याची पहिली अटकळ बांधता येते. त्यांच्यासोबत ‘सेरिथियम’ होते, ते खाडीच्या मचूळ पाण्यात सुखाने राहतात.

हिस्लॉप यांनी या जातींची वर्णने लिहून नावे दिली. ‘टरिटेला प्रीलाँगा’ म्हणजे अतिदीर्घ. ‘नॅटिका स्टॉडर्डी’. ‘फ्यूसस पिग्मियस’, खुजा. ‘स्यूडोलाय्व्हा एलेगन्स’, देखणी. ‘व्हिकॅरिया फ्यूसिफॉर्मिस’, चातीच्या आकाराची. यांतील व्हिकॅरिया ही प्रजाती त्या वेळी अगदी नवी होती. सिंधमधील शंखांवरून ती १८५४ साली दोन फ्रेंच विद्वानांनी स्थापन केली होती. नागपूर म्हणजे हिंदुस्थानचा मध्यभाग, समुद्रापासून जेवढे दूर राहता येईल तेवढे दूर असलेले शहर. तेथे मराठीत धर्मोपदेश करणाऱ्या, शाळा चालवणाऱ्या माणसाने नामशेष झालेल्या सागरी गोगलगायींना कायमची नावे दिली. सर्व शंखांचा एकत्र विचार करून त्यांनी निष्कर्ष काढला की नागपूरचा थर तळ्याचा, राजमहेंद्रीचा थर नदीमुखाच्या खाडीचा.

हा निष्कर्ष लहान वाटेल, पण त्या काळी त्याला मोल होते. दख्खनच्या लाव्हांचे थर इतके सपाट आणि इतके विस्तीर्ण आहेत की ते समुद्राच्या तळाशी पसरले असावेत, असे काहींना वाटे. ही अग्निप्रलयाची घटना जमिनीवर घडली की पाण्याखाली, याची साक्ष देणारा दुसरा साक्षीदार नव्हता. पाषाण मुका होता आणि बोलत होती ती गोगलगाय. सॉवर्बीने वर्णिलेल्या त्याच संग्रहात ‘कारा’ या गोड्या पाण्यातील शेवाळासारख्या वनस्पतीची बीजेही होती. साक्ष जुळत गेली. राजमहेंद्रीला समुद्र होता, पण काठाला. बाकी पठार ही जमीन होती.

हिस्लॉप यांचे सगळेच बरोबर ठरले असे नाही. सीताबर्डीचा खालचा काळा खडक हा मधल्या गाळाच्या नंतर खालून घुसला, असे त्यांचे मत होते. म्हणजे स्टेनोचा ‘खालचा थर आधीचा’ हा नियम येथे लागू होत नाही, असे ते म्हणत होते. १८६७ साली विल्यम ब्लॅनफर्ड यांनी पश्चिम व मध्य हिंदुस्थानच्या ट्रॅपवर जो प्रबंध लिहिला, त्यात हे लाव्हा एकामागून एक जमिनीवर पसरले आणि मधल्या विसाव्यात गाळ साचला, हे चित्र पक्के झाले. स्टेनोच खरा ठरला. दुसरे म्हणजे वयाचे. हिस्लॉप यांनी हे थर ‘तृतीय’ कालखंडाचे, म्हणजे डायनोसॉर संपल्यानंतरचे मानले आणि निबंधाच्या मथळ्यातच तसे लिहिले. हा वाद दीर्घ काळ चालला. वनस्पतींच्या जीवाश्मांचे थोर अभ्यासक बिरबल साहनी यांनी १९३४ साली तो पुन्हा उपस्थित केला, तेव्हा त्यांचाही कौल ‘तृतीय’ या बाजूस होता. १९८० च्या दशकात टाकळीच्याच थरांतून डायनोसॉरच्या अंड्यांच्या कवचाचे तुकडे निघाले आणि तराजू दुसरीकडे झुकला. आता दख्खनच्या लाव्हांचा मुख्य भर सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या, डायनोसॉरांच्या अंताच्या अलीकडे-पलीकडे मानला जातो.

वय बदलले, थरांची उत्पत्ती बदलली, गोगलगायीचे आडनावही बदलले. झूऑलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडियाचे पहिले संचालक नेल्सन ॲनन्डेल यांनी ‘फायसा प्रिन्सेपी’वर १९२० साली स्वतंत्र निबंध लिहिला. त्या काळात तिला ‘बुलिनस’ या आफ्रिकेतील गोगलगायींच्या प्रजातीत टाकण्यात आले. तीही डावखुरी असते, म्हणून. अलीकडचे अभ्यासक तिला ‘प्लॅटिफायसा’ म्हणतात. ‘प्रिन्सेपी’ हा शब्द मात्र १८४० पासून जागचा हललेला नाही. हिस्लॉप यांनी तिच्या ज्या लांबट आणि फुगीर प्रकारांची नोंद केली, तीही पुढच्या प्रत्येक अभ्यासकाला उघडून पाहावी लागली. त्यांचा तर्क मागे पडला, वर्णन कामास आले. तर्क पुढच्यांनी दुरुस्त करावा एवढ्यासाठी तरी वर्णन प्रामाणिक असावे लागते. आपल्या मताला गैरसोयीचा ठरणारा तपशीलही ते गाळत नाहीत, याचा मला वारंवार प्रत्यय आला. हाच स्वभाव त्यांच्या गोंडी लोकांविषयीच्या टिपणांत दिसतो. त्यांनी गोंडांचे शब्द आणि गाथा शंखांसारख्याच गोळा केल्या, जशा ऐकल्या तशा लिहून ठेवल्या. ते कागद रिचर्ड टेंपल यांनी १८६६ साली छापले.

छापलेले पुस्तक पाहण्यास हिस्लॉप नव्हते. ४ सप्टेंबर १८६३ रोजी ते मध्य प्रांताचे तेव्हाचे चीफ कमिशनर टेंपल यांच्याबरोबर नागपूरच्या दक्षिणेस टाकळघाट येथील प्राचीन शिलावर्तुळे पाहण्यास गेले होते. परतताना ते मागे राहिले. पावसाळी ओढ्याला पूर आला होता. त्यांचा घोडा रिकामा परत आला, तेव्हा लोक शोधायला धावले. हिस्लॉप बुडाले होते. वय पंचेचाळीस. आपल्या पश्चात त्यांनी पत्नी, मुले, एक शाळा आणि दगडांच्या पेट्या ठेवल्या.

राजमहेंद्रीच्या शंखांचे काय झाले? त्यांच्या खालचा-वरचा लाव्हा त्या जागी आला कोठून, याचे उत्तर हिस्लॉप यांच्या वेळी नव्हते. जवळपास ज्वालामुखीचे मुख नाही. गेल्या काही दशकांत खडकांतील मूलद्रव्यांचे प्रमाण, त्यांचे वय आणि त्यांत गोठलेल्या चुंबकीय दिशा ताडून पाहण्यात आल्या. तेव्हा तो लाव्हा सह्याद्रीच्या महाबळेश्वर-आंबेनळी भागातील वरच्या थरांशी जुळला. म्हणजे तो पश्चिम महाराष्ट्राच्या बाजूने निघून जुन्या नदीखोऱ्यांतून सुमारे हजार किलोमीटर वाहत बंगालच्या उपसागराला पोहोचला असावा, असे आता मानतात. पृथ्वीवरील सर्वांत लांब लाव्हाप्रवाहांत त्यांची गणना होते. आज जी वाट गोदावरीची, तशाच एखाद्या वाटेने तो वितळलेला खडक खाडीपर्यंत गेला आणि टरिटेला, नॅटिका, व्हिकॅरिया त्याच्याखाली राहिल्या. कातेरू-पंगिडीच्या खाणींतील त्याच मधल्या थरांतून २००८ साली गेर्टा केलर आणि त्यांच्या भारतीय सहकाऱ्यांनी समुद्रात तरंगणाऱ्या सूक्ष्म जीवांची कवचे शोधली. त्यावरून तेथील खालचा लाव्हा डायनोसॉरांच्या अंताशी येऊन थांबतो, असे त्यांनी मांडले. हिस्लॉप यांनी ‘खाडी’ म्हणून ओळखलेला थर आता पृथ्वीच्या इतिहासातील एका मोठ्या संहाराची तारीख ठरवण्याच्या कामी येत आहे.

नागपूरचे तळे मात्र तळेच राहिले, असे म्हणून हात झटकता येत नाहीत. ॲनन्डेल यांच्या १९२० च्या निबंधातील एक तपशील मला बरेच दिवस बोचत होता. फायसाच्या काही कवचांना छिद्रे पाडून राहणारा एक स्पंज त्यांना आढळला होता, आणि तो त्यांनी क्लायोनिड वर्गात घातला होता. कवच पोखरणारे हे स्पंज एरवी समुद्रात राहतात. पुढे २००९ साली केलर आणि भारतीय अभ्यासकांनी नागपूरच्या उत्तरेकडील छिंदवाडा जिल्ह्यातील झिलमिली येथील मधल्या थराचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात गोड्या पाण्यातील जीवांच्या थरांबरोबर मचूळ पाण्याचे थर निघाले, आणि त्यांत समुद्रात तरंगणाऱ्या त्याच सूक्ष्म जीवांची कवचे. आजच्या किनाऱ्यापासून शेकडो किलोमीटर आत, नर्मदा किंवा तापीच्या खोऱ्याने समुद्राचा एखादा चिंचोळा हात तेव्हा आत आला असावा, असा त्यांचा तर्क आहे. तो सर्वांना मान्य झालेला नाही. हिस्लॉप यांनी खारे आणि गोडे यांच्यामध्ये जी रेघ ओढली ती नक्की कोठून जात होती, हे ठरवण्यासाठी पुन्हा तेच करावे लागत आहे. थर मोजायचे, शंख फोडायचे आणि मुखाची कड भिंगाखाली धरायची.